रात्रीच्या वर्गाचा मास्तर

17 मार्च 2024, रविवार. त्या दिवशी राज्यभर जिल्हा परिषदेच्या शाळांत पंधरा वर्षांपुढच्या माणसांनी परीक्षा दिली. वाचनाला 50 गुण, लेखनाला 50, संख्याज्ञानाला 50. उत्तीर्ण व्हायला 33 टक्के पुरे. केंद्र सरकारच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाची ही चाचणी. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत डोक्यावर पदर घेऊन बाकावर बसलेल्या आज्यांची छायाचित्रे झळकली आणि ती झळकायलाच हवी होती. या आज्यांना अक्षर ओळखायला शिकवले ती माणसे मात्र बहुतेक छायाचित्रांच्या चौकटीबाहेर राहिली.

ती चौकटीबाहेर राहण्याची ही पहिली वेळ नव्हे. प्रौढ साक्षरतेच्या प्रत्येक सरकारी कार्यक्रमाने शिकणारे मोजले. किती नोंदले, किती बसले, किती पास झाले, सगळे आकडे निघाले. शिकवणारा कोण, त्याला तयार कोणी केले, अडला तर तो विचारणार कोणाला, या प्रश्नांची पाळी नेहमी शेवटी आली आणि तोवर कार्यक्रमाची मुदत संपत आलेली असायची. माझ्या मते या चळवळीच्या यशापयशाचा बराचसा उलगडा इथेच होतो. पैसा कमी पडला, लोकांना गोडी नव्हती, राजकीय इच्छाशक्ती नव्हती ही नेहमीची कारणे खोटी नाहीत, पण ती अपुरी आहेत.

सुरुवात तशी फार जुनी. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1855 साली शेतकरी-मजुरांसाठी आपल्या घरीच रात्रीची शाळा काढली. तिथे शिकवणारे तेच, ठरवणारे तेच. त्यामुळे ‘शिक्षकाचे काय’ असा वेगळा प्रश्न उद्भवलाच नाही. तो उद्भवला सरकार या कामात उतरल्यावर. 1937 साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि 1939 मध्ये मुंबई शहरासाठी प्रौढ शिक्षण समिती स्थापन झाली. गिरणगावात आणि चाळीचाळींत वर्ग सुरू झाले. याच कामातून पुढे आलेल्या कुलसुम सयानी यांनी नवसाक्षरांसाठी ‘रहबर’ हे नियतकालिक अनेक वर्षे चालवले, उर्दू, नागरी आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. वर्ग संपला की वाचायला काय, हे त्यांना सरकारच्या कितीतरी आधी सुचले होते. ज्या 1939 साली मुंबईची समिती झाली, त्याच वर्षी भारतीय प्रौढ शिक्षण संघाची स्थापना झाली आणि संघाचे नियतकालिकही निघू लागले. पण ते इंग्रजीत. परळच्या खोलीत दिव्याखाली शिकवणाऱ्या मास्तरापर्यंत ते पोचायची शक्यता नव्हती.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या इतिहासातला सर्वांत दखल घेण्याजोगा प्रयोग साताऱ्याचा. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि 1961 पासून ती राज्यभर नेण्यात आली. कल्पना साधी होती. एकेका माणसाला नव्हे, अख्ख्या गावाला साक्षर करायचे. 14 ते 50 वयाच्या सगळ्या निरक्षरांची यादी करायची, ग्रामदैवतासमोर शपथ घ्यायची, चार महिने वर्ग चालवायचे आणि गाव पुरे झाले की गौरव समारंभ करायचा. शिकवणारे गावच्या प्राथमिक शाळेचे शिक्षक, शिवाय गावातली शिकलेली मंडळी. खर्च जवळपास नाही. या मोहिमेला 1972 साली युनेस्कोचा साक्षरता पुरस्कार मिळाला.

हे जमले कसे? गौरव समारंभ, लेझीम, पुढाऱ्यांची भाषणे यांचा वाटा होताच. पण त्या काळी मास्तर गावातच राहायचा, हे जास्त महत्त्वाचे. कोणाचे कोणाशी वाकडे आहे, कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणत्या आळीतल्या बायका कोणत्या आळीत जाणार नाहीत, हे त्याला ठाऊक असे. रात्री आठला कंदील घेऊन तो देवळात आला की न येणाऱ्याला लाज वाटे. गावाचे हे दडपण शिकवण्याचे अर्धे काम करत होते. दडपण नेहमी गोडच असेल असे नाही, तेही खरे. दलित वस्तीतल्या माणसाला देवळातल्या वर्गात कितपत मोकळे वाटत असेल, हे गौरव समारंभांच्या अहवालांत शोधून सापडणारे नाही.

मोहिमेचे दुखणे नंतर दिसले. पुढे झालेल्या पाहण्यांमध्ये बरेच नवसाक्षर पुन्हा निरक्षर झाल्याचे आढळले. चार महिन्यांत आलेले वाचन टिकवायला रोज काही वाचावे लागते आणि त्या गावांत वाचायला फारसे काही नव्हते. फिरती वाचनालये योजलेली होती, ती बहुतेक ठिकाणी फिरली नाहीत. मास्तरही दिवसाच्या शाळेत परत गेला. त्याच्यावर जास्तीचे काम लादून मोहीम उभी राहिली होती आणि जास्तीचे काम कोणी जन्मभर करत नाही.

इथे थोडे थांबून वर्गात डोकावले पाहिजे, कारण प्रौढांना शिकवणे म्हणजे मुलांनाच जरा हळू शिकवणे, असा समज अजूनही शाबूत आहे. अशा वर्गात तासभर बसले की तो समज जातो. पहिली अडचण हाताची असते. तीस-चाळीस वर्षे विळा, कुदळ, जाते धरलेल्या बोटांना पेन्सिल धरवत नाही. बाई ती मुठीत आवळते, टोक मोडते आणि ती ओशाळून हसते. दुसरी अडचण डोळ्यांची. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला जवळचे धूसर दिसते आणि चष्मा कोणाकडेच नसतो. बाईला अक्षर येत नाही असे मास्तर समजतो. प्रत्यक्षात तिला ते दिसतच नसते. अनुभवी शिकवणारा पहिल्या आठवड्यात प्रवेशिका, म्हणजे अक्षरओळखीचे पुस्तक, लांब धरायला सांगून हे ताडून घेतो. नवख्याला हे कोणी सांगितलेले नसते.

तिसरी गोष्ट हिशोबाची. बाजारात पावशेराचा भाव आणि सव्वादोन किलोची किंमत तोंडी झटक्यात काढणारी बाई पाटीवर हातच्याची बेरीज मांडली की गांगरते. तिला गणित येते, मांडणी येत नाही. तिला एक-दोनपासून सुरुवात करायला लावली की तिचा अपमान होतो आणि दुसऱ्या दिवशी ती येत नाही. मग नोटांपासून, एसटीच्या तिकिटापासून, बचतगटाच्या पासबुकापासून सुरू करावे लागते. अक्षरांचेही तसेच. शाळेतला शिक्षक सवयीने अ-आ-इ-ई आणि बाराखडीवर जातो, तर प्रौढांच्या प्रवेशिका ओळखीच्या शब्दापासून अक्षराकडे येतात. मग काना, मात्रा, वेलांटी आणि शेवटी ‘र’चे सगळे अवतार. रफार आणि रकार इथवर पोचलेली माणसे बहुधा टिकतात. गळती त्याच्या आधी होते, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पहिली हौस फिटल्यावर.

या सगळ्या युक्त्या पुस्तकात क्वचितच मिळतात. त्या एका मास्तरीणबाईने दुसरीला सांगायच्या असतात. म्हणून शिकवणाऱ्यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसणे ही या कामातली खरी गरज आहे. दिवसाच्या शाळेसाठी आपल्याकडे केंद्रपातळीवर शिक्षण परिषद भरते. ती कधी कंटाळवाणी होते, कधी परिपत्रके वाचण्यातच संपते, पण निदान ती आहे. रात्रीच्या वर्गाच्या मास्तराला तसे हक्काचे ठिकाण अपवादानेच मिळाले.

1978 मध्ये ते मिळण्याची संधी होती. 2 ऑक्टोबर 1978 रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. 15 ते 35 वयाच्या दहा कोटी लोकांना पाच वर्षांत साक्षर करायचे ठरले. एका केंद्रात तीस माणसे, वर्ग दहा महिने आणि शिकवणाऱ्याला महिना 50 रुपये मानधन. तीस केंद्रांवर एक पर्यवेक्षक. कागदावर हा पर्यवेक्षक मास्तरांचा सल्लागार होता. प्रत्यक्षात तो हजेरीपट तपासणारा झाला, कारण तीस गावे महिन्यातून एकदा फिरायची तर दुसरे काही शक्यही नव्हते. केंद्रातली कागदावरची तीस नावे आणि कंदिलाभोवतीची सात-आठ डोकी हा विनोद तेव्हापासूनचा. देशपातळीवर सरकार बदलले आणि कार्यक्रमाचा जोर ओसरला.

याच काळात पुण्यात जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेने वेगळी वाट धरली. संस्थेकडे राज्य संसाधन केंद्र होते. शिकवणाऱ्यांचे प्रशिक्षण, प्रवेशिका आणि नवसाक्षरांसाठी पुस्तके ही कामे त्याच्याकडे होती. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत शाळाबाह्य मुलांसाठी चित्राताईंनी जे अनौपचारिक वर्ग उभारले, त्यांत शिकवायला गावातलाच कमी शिकलेला पण लोकांना आपला वाटणारा माणूस निवडला आणि त्याला पुन्हा पुन्हा प्रशिक्षण दिले. एकदाच दिलेले दहा दिवसांचे शिबिर आणि वर्षभर थोडे थोडे दिलेले प्रशिक्षण यांत जमीनअस्मानाचा फरक असतो.

मग आले नव्वदचे दशक आणि त्याबरोबर स्वयंसेवक. 1988 मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्याने केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या मदतीने मोहीम चालवली आणि 4 फेब्रुवारी 1990 रोजी तो संपूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. मानधन कोणालाच नाही. हजारो तरुण मुले-मुली संध्याकाळी दहा-दहा जणांना शिकवत होती. हे प्रतिमान देशभर गेले. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग, वर्धा हे जिल्हे सुरुवातीला उतरले. कलापथके, प्रभातफेऱ्या, भिंतीवरच्या घोषणा, जिल्हाधिकारी स्वतः सायकलवर असे ते दिवस होते. तामिळनाडूच्या पुदुकोट्टै जिल्ह्यात साक्षरता वर्गाच्या जोडीने बायका सायकल शिकल्या. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंटा गावी प्रवेशिकेतला दारूवरचा धडा वाचून बायकांनी 1992 मध्ये अरकाचे दुकान बंद पाडले आणि त्या ठिणगीतून राज्यभर आंदोलन पेटले. प्रवेशिकेच्या एका धड्याने सरकारला धोरण बदलायला लावल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

मिशनने साक्षर कोणाला म्हणायचे हेही पक्के केले होते. मोठ्याने वाचताना मिनिटाला 30 शब्द, मनात वाचताना 35, बघून लिहिताना 7, ऐकून लिहिताना 5 आणि एक ते शंभर अंक. तीन प्रवेशिका, सुमारे 200 तास. हे निकष आजच्या चाचणीपेक्षा कडक होते असे म्हणायला हरकत नाही.

प्रशिक्षणाची उतरंड मात्र ठिसूळ निघाली. राज्यात तयार झालेले तज्ज्ञ तालुक्याच्या प्रशिक्षकांना शिकवणार, ते गावच्या स्वयंसेवकांना शिकवणार. वरून निघालेले दूध खाली पोचेपर्यंत बरेचसे पाणीच उरे. गावचा स्वयंसेवक बारावी झालेला पोरगा. त्याला मिळालेले प्रशिक्षण म्हणजे ‘शब्दापासून अक्षराकडे’ हा मंत्र आणि एक पिशवी. परीक्षा आली, नोकरी लागली, शिकवणाऱ्या मुलीचे लग्न ठरले की वर्ग बंद. मोहिमेच्या मूल्यमापनासाठी नेमलेल्या अरुण घोष समितीने 1994 मध्ये मोहीम आणि नंतरचा टप्पा यांतल्या मोठ्या खंडावर बोट ठेवले होते. त्या खंडात स्वयंसेवक पांगले आणि एकदा पांगलेले पुन्हा जमले नाहीत.

तरीही त्या दशकाला हिणवणे बरोबर नाही. 1991 च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 64.87 टक्के होती, 2001 मध्ये 76.88 झाली. हे सगळे श्रेय मोहिमेला देता येत नाही, कारण जनगणना सात वर्षांपुढच्या सगळ्यांना मोजते आणि शाळेत जाणारी मुले वाढली की आकडा आपोआप वर चढतो. पण आईने वर्गात नाव घातल्यावर पोरीचे नाव शाळेत घातले गेले, अशी घरे पुष्कळ होती. 2011 मध्ये राज्याचा आकडा 82.34 वर गेला. स्त्रियांचा मात्र 75.87 होता आणि नंदुरबार जिल्हा 64 टक्क्यांच्या आसपास अडकलेला होता.

नंदुरबारचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिथे घरात भिली किंवा पावरी बोलणाऱ्या बाईला मराठी प्रवेशिका दिली जाते. मेळघाटात कोरकू आणि गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया बोलणारीचीही तीच गत. ओळखीच्या शब्दापासून सुरुवात करायची ही पद्धत, पण शब्दच ओळखीचा नसेल तर पद्धत काय करणार? तिथे मास्तर त्या वस्तीतलाच हवा आणि त्याने वर्गात स्वतःच शब्द निवडायला हवेत. बीडच्या ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न याहून निराळा. दिवाळीनंतर गाव रिकामे होते आणि उन्हाळ्यात भरते. वर्गाचे वेळापत्रक मात्र मुंबई-पुण्यात ठरते.

2009 मध्ये आलेल्या ‘साक्षर भारत’ने पहिल्यांदा गावात कायम असणारा माणूस योजला. दर ग्रामपंचायतीत लोकशिक्षण केंद्र आणि तिथे दोन प्रेरक, त्यांतली निदान एक महिला. मानधन महिना 2,000 रुपये. ही माझ्या मते सर्वांत शहाणी तरतूद होती. प्रेरक वर्ग चालवणार, वाचनालय उघडणार, स्वयंसेवकांना धरून ठेवणार. अनेक राज्यांत हे मानधन महिनोन्‌महिने थकले आणि प्रेरकांनी मोर्चे काढले. 31 मार्च 2018 ला योजना बंद झाली आणि प्रेरक ही जातच संपली. राज्य संसाधन केंद्रांचाही निधी आटला. चाळीस वर्षांचा प्रशिक्षणाचा अनुभव आज कोणत्या कपाटात आहे, देव जाणे.

‘उल्लास’ 2022 ते 2027 या पाच वर्षांसाठी आहे. लक्ष्य पाच कोटी, तरतूद 1,037.90 कोटी. भागाकार केला तर माणशी दोनशे आठ रुपये होतात आणि त्यातच चाचणी, प्रशिक्षण, साहित्य, ॲप सगळे बसवायचे. शिकवणारा पुन्हा स्वयंसेवक, या वेळी ‘कर्तव्यबोध’ या भावनेने. शाळा हे एकक, म्हणजे मुख्याध्यापकाला उद्दिष्ट. 2023 मध्ये महाराष्ट्रातल्या शिक्षक संघटनांनी असाक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला तेव्हा त्यांना कामचुकार म्हणणारे पुष्कळ निघाले. पण निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती या सगळ्यांवर आणखी एक नोंदणी आली की माणूस कातावणारच. साताऱ्याचा मास्तर गावात राहत होता. आजचा तालुक्याच्या गावाहून दुचाकीवर येतो आणि साडेपाचला परत जातो. त्याच्याकडून रात्रीच्या वर्गाची अपेक्षा ठेवणे म्हणजे 1959 चा महाराष्ट्र गृहीत धरणे.

मग शिकवते कोण? बऱ्याच ठिकाणी घरातलेच कोणीतरी. सातवी-आठवीतली नात आजीला शिकवते. यात गोडवा आहे आणि एक सोयही. आजीला वर्गात बसायची लाज वाटत नाही. पण नात तिला शाळेत शिकली तसेच शिकवते, पाढे पाठ करून घेते आणि ‘एवढं पण येत नाही?’ असे म्हणून मोकळी होते. सुनेने सासूला शिकवायचे असेल तर गुंता आणखी वेगळा. शाळेचा व्हॉट्सॲप गट असतो, पण त्यावर वर्गाचा फोटो टाकायचा असतो. आजीला ‘ट’ आणि ‘ठ’ वेगळे दिसत नाहीत, काय करू, असे त्या गटावर कोणी विचारत नाही.

चांगले उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीचा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी. साठ ते नव्वद वयाच्या बायका दुपारी, घरची कामे उरकून जमतात. जगभरच्या कॅमेऱ्यांनी गुलाबी रंग टिपला. मला महत्त्वाची वाटते ती वर्गाची वेळ. ती आज्यांच्या सोयीने ठरली, सरकारच्या नव्हे. शिवाय शिकवणारी गावातलीच आणि वर्ग वर्षानुवर्षे चाललेला. परीक्षेची घाई नसली की माणसे कशी शिकतात, हे तिथे दिसते. अर्थात हजारो गावांत फांगणे उभे करायचे तर हजारो बांगर लागतील आणि तशी माणसे परिपत्रकाने निघत नाहीत.

शेजारच्या गोव्याने 30 मे 2025 रोजी, घटक राज्य दिनी, स्वतःला पूर्ण साक्षर जाहीर केले. 95 टक्क्यांपुढे गेले की पूर्ण, असा आता केंद्राचा निकष आहे. गोव्यात मुळात काम थोडे उरले होते, तेव्हा हे अपेक्षितच. त्याच सुमारास मिझोराम, त्रिपुरा यांचीही घोषणा झाली. या घोषणांची एक अडचण अशी की घोषणा झाली की शिकवणाऱ्याचे काम संपले असे कार्यालय धरून चालते. नुकती सही शिकलेली बाई बँकेची पावती, रेशनचा संदेश, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचू लागेपर्यंत तिला कोणाचा तरी हात लागतो. तो हात घोषणेनंतरही दोन-तीन वर्षे हवा असतो.

मार्च 2027 ला ‘उल्लास’ संपेल. आणखी एखादी योजना नक्की येईल, तिला नाव छान असेल. तिच्या मसुद्यात बघायच्या गोष्टी मोजक्या आहेत. शिकवणाऱ्याला मानधन आहे का आणि ते जिल्ह्यातून थेट खात्यात येते का. पन्नास वर्गांमागे एक तरी पूर्णवेळ माणूस आहे का, ज्याचे काम फक्त शिकवणाऱ्यांना भेटणे आहे. जवळचे दिसण्याचे चष्मे खर्चात धरले आहेत का. भिली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या वस्तीत शिकवणाऱ्याला स्वतःचे शब्द निवडायची मोकळीक आहे का. आणि महिन्याकाठी तालुक्याला दहा-वीस शिकवणाऱ्यांनी जमायचे तर त्यांच्या एसटीच्या भाड्याला आणि चहापाण्याला अंदाजपत्रकात एक रकाना आहे का. कात्री लावायची वेळ आली की पहिली तिथेच लागते.